वळिवडे : पंचगंगेकाठचे छोटे पोलिश गाव



पोलंड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर संत पोप जॉन पॉल दुसरे उभे राहतात. १९८६ च्या फेब्रुवारीत ते भारतात आले, तेव्हा पुणे, मुंबई आणि गोवा येथे त्यांच्या दर्शनासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून भाविक गेले होते. परंतु त्याच्या चाळीसेक वर्षे आधी हजारो पोलिश माणसे आपल्याच महाराष्ट्रात पाच वर्षे राहून गेली, त्यांनी येथे एक अख्खे गाव वसवले, त्यात चर्च होते, शाळा होत्या, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. ते गाव कोल्हापूरजवळचे वळिवडे. या अभ्यासलेखात आपण त्या गावाचा इतिहास पाहणार आहोत आणि शेवटी आपल्या एकलहऱ्यासाठी त्यातून काय घ्यायचे याचा विचार करणार आहोत.

१. ही माणसे आली कुठून?

१ सप्टेंबर १९३९ रोजी हिटलरच्या जर्मनीने पश्चिमेकडून पोलंडवर स्वारी केली. १७ सप्टेंबरला पूर्वेकडून सोव्हिएत रशियाचे सैन्य शिरले. दोन बलाढ्य शेजाऱ्यांनी देश मधोमध वाटून घेतला. पूर्व भागातील विल्नो आणि ल्वूव ही जुनी शहरे व त्यांच्या आसपासची शेकडो खेडी रशियाच्या ताब्यात गेली.

१० फेब्रुवारी १९४० रोजी, ऐन कडाक्याच्या थंडीत, हद्दपारीचा पहिला तडाखा बसला. रात्री-पहाटे शिपाई दारावर येत. हाताला लागेल ते बांधून घ्या आणि चला, एवढाच हुकूम. शेतकरी, जंगलखात्याचे नोकर, निवृत्त सैनिक, त्यांच्या बायका, म्हातारी माणसे आणि अंगावरची मुले, सगळ्यांना मालगाडीच्या डब्यांत कोंडून सैबेरिया, उत्तर रशिया आणि कझाकस्तानकडे रवाना करण्यात आले. अशा चार मोठ्या लाटा जून १९४१ पर्यंत आल्या. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसे गेली. पुष्कळ जण जंगलात झाडे तोडत, उपासमारीने आणि आजाराने तेथेच मेले.

जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावरच हल्ला केला आणि डाव उलटला. रशियाला आता मित्र हवे होते. लंडनमध्ये आश्रयाला गेलेल्या पोलिश सरकारशी ३० जुलै १९४१ रोजी करार झाला आणि बंदिवान पोलिश लोकांना 'माफी' जाहीर झाली. ज्यांनी काहीच गुन्हा केला नव्हता त्यांना माफी! शब्द कसाही असो, दार उघडले. जनरल आन्देर्स यांच्या नेतृत्वाखाली पोलिश फौज उभी राहू लागली आणि तिच्या मागोमाग फाटक्या कपड्यांतील बायका-मुले दक्षिणेकडे निघाली. १९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्र ओलांडून सुमारे एक लाख पंधरा हजार माणसे इराणच्या पहलवी बंदरावर उतरली. सैनिक पुढे लढाईला गेले. बायका-मुलांचे काय करायचे, हा प्रश्न उरला. इराणात साथीच्या रोगांनी अनेकांचा बळी घेतला. तेहरानच्या दुलाब दफनभूमीत आजही त्यांच्या कबरींच्या रांगा आहेत.

२. भारताने दार उघडले

या लोकांना ठेवून घ्यायला फारसे देश पुढे आले नाहीत. अशा वेळी जामनगरचे महाराज जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी पोलिश मुलांसाठी आपल्या संस्थानात, समुद्रकाठी बालाचडी येथे छावणी उभारू दिली. पहिली मुले खुष्कीच्या मार्गाने, ट्रकमधून, इराण व क्वेट्टामार्गे आली. काही काळ ती मुंबईत वांद्र्याला राहिली आणि १९४२ च्या जुलैमध्ये बालाचडीला गेली. जामसाहेबांचे नाव पोलंडमध्ये आजही आदराने घेतले जाते. वॉर्सात त्यांच्या नावाचा चौक आहे.

पण मुलांच्या छावणीने सगळा प्रश्न सुटणार नव्हता. हजारो माता, आज्या आणि त्यांची मुले इराणहून कराचीला येत होती. (कराची तेव्हा हिंदुस्थानातच होती.) त्यांच्यासाठी मोठी, कायम टिकेल अशी वस्ती हवी होती. मुंबईतील पोलंडचे वकील बानाशिन्स्की आणि पोलिश रेड क्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी कीरा बानाशिन्स्का यांनी या कामासाठी खूप धावपळ केली. अखेर जागा ठरली ती कोल्हापूर संस्थानातील वळिवडे. हवा चांगली, पंचगंगेचे पाणी जवळ आणि कोल्हापूर-मिरज रेल्वेचा रूळ शेजारून गेलेला. १९४३ मध्ये वस्ती सुरू झाली आणि बघता बघता सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहू लागली. भारतातील ही सर्वांत मोठी पोलिश वस्ती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सगळा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला, असे पुष्कळदा सांगितले जाते. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. छत्रपती राजाराम महाराजांचे १९४० मध्ये निधन झाले होते आणि वस्ती उभी राहिली तेव्हा गादीवर बाल छत्रपती होते. वस्तीचा खर्च लंडनमधील पोलिश सरकार करत असे आणि युद्धानंतर तो भार संयुक्त राष्ट्रांच्या मदत संस्थेने उचलला. यामुळे कोल्हापूरकरांचे मोठेपण कमी होत नाही. जागा, शेजार आणि माणुसकी त्यांनी दिली. ते वर्षही आठवून पाहावे. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, देशभर धान्याची टंचाई होती, स्वातंत्र्यलढ्याचे अनेक नेते तुरुंगात होते. घरात भरपूर असताना पाहुण्याला पान वाढणे सोपे असते. या देशाने टंचाईत पाहुणे ठेवून घेतले.

३. गाव कसे होते?

वळिवड्याची वस्ती म्हणजे लांबच लांब बराकींच्या रांगा. वर कौले, भिंतींना बांबूच्या चटया आणि एकेका बराकीत अनेक बिऱ्हाडे. प्रत्येक कुटुंबाला स्वतःच्या खोल्या, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडवी. सैबेरियातील लाकडी कोठड्यांत एकेका खोलीत कोंबून राहिलेल्यांना हे केवढे मोठे वाटले असेल! आपल्या दाराला आतून कडी लावता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे ज्याचे दार मध्यरात्री ठोठावले गेले त्यालाच कळते.

हळूहळू वस्तीला गावाचे रूप आले. स्वतःची व्यवस्था पाहणारे पोलिश अधिकारी, दवाखाना, पोस्ट, दुकाने, नाटक-सिनेमाची सोय, असे सगळे एकेक करून उभे राहिले. प्रकृतीने नाजूक असलेल्यांसाठी पाचगणीच्या हवेत वेगळे केंद्र होते. पुढे १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाली, तेव्हा तेथील मुलेही वळिवड्यात आली.

या गावात पुरुष फारसे नव्हतेच. बहुतेक बायका आणि मुले. पुरुष एकतर सैन्यात होते, नाहीतर रशियात मेलेले, नाहीतर बेपत्ता. एप्रिल १९४३ मध्ये, म्हणजे वस्ती उभी राहण्याच्या सुमारास, काटिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामुदायिक थडगी सापडल्याची बातमी जगभर गेली. १९४० च्या वसंत ऋतूत सुमारे बावीस हजार पोलिश अधिकारी व नागरिक काटिन आणि इतर ठिकाणी गोळ्या घालून मारले गेले होते. रशियाने हा गुन्हा १९९० पर्यंत कबूल केला नाही. ज्या बायकांच्या घरधन्याचे पत्र तीन वर्षे आले नव्हते, त्यांना या बातमीचा अर्थ सांगावा लागला नसेल.

ज्यांचे पुरुष जिवंत होते त्या इटलीतून येणाऱ्या पत्रांची वाट पाहत. पोलिश फौजेने १८ मे १९४४ रोजी मोन्ते कासिनोचा मठ काबीज केला. त्याच इटलीत आपल्या मराठा पलटणीही लढत होत्या. नगर जिल्ह्यातील निमजचे नामदेव जाधव यांना एप्रिल १९४५ मधील तेथील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. म्हणजे कोल्हापूर-साताऱ्याच्या खेड्यातील एखादी माय आणि वळिवड्याच्या बराकीतील एखादी पोलिश माय एकाच आघाडीवरच्या पत्राची वाट पाहत असणार. त्या दोघींची भाषा वेगळी असली, तरी पोस्टमन दिसला की दोघींच्याही काळजात होणारी धडधड एकच असणार.

४. शाळा, चर्च आणि स्काउट

या लोकांनी आल्या आल्या कशाला हात घातला? शाळेला. सर्वांत लहान मुलांपासून ते मॅट्रिकच्या पुढच्या वर्गांपर्यंत पोलिश भाषेत शिक्षणाची व्यवस्था झाली. पुस्तके अपुरी, वह्या अपुऱ्या, शिक्षिका स्वतः हद्दपारी भोगून आलेल्या. मुलांची दोन-तीन वर्षे शाळेविना गेलेली. तरीही वर्ग भरले, परीक्षा झाल्या. आपण परत जाऊ तेव्हा आपली मुले अडाणी म्हणून जाता कामा नयेत, हा त्या मातांचा निर्धार होता.

दुसरे होते चर्च. गावाच्या मध्यवर्ती जीवनात मिस्साबलिदान होते, पहिले ख्रिस्तशरीर घेणारी पांढऱ्या पोशाखातील मुले होती, लग्ने आणि अंत्यविधी होते. पोलिश लोकांची पवित्र मारियेवर मोठी भक्ती. चेन्स्तोहोवा येथील काळ्या वर्णाच्या मारियामातेचे चित्र म्हणजे त्यांच्या राष्ट्राचे हृदयच. आपल्याकडे जशी मतमाउलीच्या पायाशी माणसे सुख-दुःख घेऊन जातात, तसेच ते.

त्यांची एक प्रथा आपण मुद्दाम समजून घ्यावी. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पोलिश घरात आकाशात पहिला तारा दिसला की जेवणाला बसतात. आधी घरातला वडीलधारा माणूस 'ओप्वातेक' नावाची पातळ पांढरी भाकर हाती घेतो. ती आपल्या ऑस्तीसारखी दिसते. प्रत्येक जण दुसऱ्याच्या हातातील तुकडा मोडून घेतो, शुभेच्छा देतो, वर्षभराचे रुसवे-फुगवे सोडतो. आणि टेबलावर एक पान जास्त मांडलेले असते. ते अनपेक्षित पाहुण्यासाठी असते. त्या रात्री दारी कोणीही आला तरी त्याला परत पाठवायचे नाही. ज्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या परक्यासाठी पान मांडले, त्यांच्यावरच परक्याच्या दारी उभे राहण्याची पाळी आली. आणि हजारो कोस दूर, ज्यांना नाताळच माहीत नव्हता अशा लोकांच्या गावात त्यांच्यासाठी पान मांडलेले निघाले.

तिसरे म्हणजे स्काउट. मुला-मुलींची पथके, शेकोट्या, सहली, गाणी यांनी ते गाव गजबजलेले असे. हे काम करणाऱ्यांत झ्जिस्वाव पेश्कोव्स्की हा एक तरुण अधिकारी होता. काटिनच्या बळींचे अनेक सोबती ज्या छावणीत होते त्याच कोझेल्स्कच्या छावणीतून तो वाचला होता. ज्याच्या सोबत्यांना असे मारले गेले, त्याने वळिवड्यातील पोरक्या मुलांना हसायला शिकवले. पुढे १९५४ मध्ये त्याला गुरुदीक्षा मिळाली. फादर पेश्कोव्स्की यांनी उरलेले आयुष्य काटिनच्या बळींच्या कुटुंबीयांची सेवा करण्यात घालवले. ते क्षमा आणि सत्य या दोन्हींचा आग्रह धरीत. २००७ मध्ये ते देवाघरी गेले.

गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता असे मात्र नाही. वांदा दिनोव्स्का ही पोलिश विदुषी भारतात आधीपासून राहत होती. गांधीजींच्या सहवासात ती 'उमादेवी' झाली. तिने पोलिश मुलांना भारताची ओळख करून दिली आणि १९४४ पासून पोलिश-भारतीय ग्रंथमाला चालवून दोन्हीकडचे साहित्य एकमेकांपर्यंत पोहोचवले. काही पोलिश मुलींनी भारतीय तरुणांशी विवाह केला आणि त्या कायमच्या येथल्या झाल्या.

५. परतीची वाट बंद झाली

मे १९४५ मध्ये युरोपातील युद्ध संपले. जगभर घंटा वाजल्या. वळिवड्यात मात्र आनंदाला कडू चव होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत याल्टा येथे बड्या राष्ट्रांच्या पुढाऱ्यांनी पोलंडचा पूर्व भाग रशियाकडे ठेवण्याचे ठरवले होते. वळिवड्यातील बहुतेक लोकांची घरे नेमकी त्याच भागात. जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यताही काढून घेतली. युद्ध जिंकलेल्या बाजूचे असूनही हे लोक घर हरले. ज्या गावी परत जायचे म्हणून मुलांना धडे शिकवले, ते गाव आता दुसऱ्या देशात गेले होते.

१९४७ मध्ये भारत स्वतंत्र झाला. इंग्रज निघाले, त्यांच्याबरोबर या छावणीची व्यवस्थाही आवरू लागली. काही थोडे लोक पोलंडला परतले. पुष्कळ जण ब्रिटनला गेले, कारण त्यांचे सैनिक पती आणि मुलगे तेथे होते. काहींची रवानगी पूर्व आफ्रिकेतील छावण्यांत झाली, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि अमेरिकेत पोहोचले. १९४८ च्या सुरुवातीला वळिवड्याचे पोलिश गाव रिकामे झाले.

६. तीच घरे, नवी माणसे

गोष्ट येथे संपत नाही. फाळणीमुळे सिंधमधून घरदार सोडून आलेले हिंदू निर्वासित महाराष्ट्रभर पसरले होते. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत त्यांना जागा मिळाली, तेच आजचे उल्हासनगर. वळिवड्याच्या रिकाम्या बराकींतही सिंधी कुटुंबे आली. त्या वस्तीचे नाव झाले गांधीनगर. आज कोल्हापूर परिसरातील लोक लग्नाचा बस्ता बांधायला गांधीनगरच्या कापडपेठेत जातात.

जरा विचार करा. ज्या कराचीहून पोलिश माता आगगाडीने वळिवड्यास आल्या, त्याच कराचीतून आणि सिंधमधून काही वर्षांनी सिंधी माता आल्या. पहिल्यांनी ज्या चुलीवर स्वयंपाक केला, त्याच चुलीवर दुसऱ्यांनी केला. धर्म वेगळा, भाषा वेगळी, पण दोघींच्या गाठोड्यात एकच वस्तू होती : मागे राहिलेल्या घराची आठवण.

७. वारसा कोणी जपला?

दगडी वाडे, किल्ले, मंदिरे, चर्च यांना आपण वारसा म्हणतो. वळिवड्याच्या बांबूच्या भिंती केव्हाच गेल्या. तरी हा वारसा टिकला, कारण माणसांनी तो मनावर घेतला. भारतात बालपण घालवलेल्या पोलिश लोकांनी ब्रिटनमध्ये आपली संघटना बांधली. ते म्हातारपणापर्यंत एकमेकांना भेटत राहिले. आपापल्या आठवणी, छायाचित्रे, नोंदी गोळा करून त्यांनी २००० साली पोलिश भाषेत आणि २००९ साली इंग्रजीत जाडजूड ग्रंथ छापला. कोल्हापुरात महावीर उद्यानात त्यांचा स्मारकस्तंभ आहे. कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पोलिश कबरी आहेत. सप्टेंबर २०१९ मध्ये येथे लहानाचे मोठे झालेले काही वृद्ध पोलिश नागरिक वळिवड्याला आले आणि तेथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. तिकडे वॉर्सा शहरातही, मोन्ते कासिनोच्या स्मारकाजवळ, कोल्हापूर-वळिवड्याच्या नावाचे स्मारक आहे. २१ ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी त्यावर पुष्पचक्र वाहिले. करवीर तालुक्यातील एका खेड्याचे नाव पोलंडच्या राजधानीत दगडावर कोरलेले आहे, ही आपणा मराठी माणसांसाठी लहान गोष्ट नव्हे.

उपकाराची फेड कशी होते, तेही पाहा. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. लाखो युक्रेनी बायका-मुले सीमा ओलांडून पोलंडमध्ये आली आणि असंख्य पोलिश कुटुंबांनी त्यांना आपल्या घरात घेतले. युक्रेनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणारी हजारो भारतीय मुलेही त्या वेळी अडकली होती. सीमेवर थंडीत त्यांचे खूप हाल झाले, तरी त्यांतील अनेक जण पोलंडमध्ये पोहोचले आणि तेथील झेशूव विमानतळावरून मायदेशी परतले. वळिवड्यातून गेलेल्या मुलांची नातवंडे त्या वेळी मदतीला उभी होती की नाही, हे देव जाणे. पण एकदा पेरलेला आसरा कुठे ना कुठे उगवतोच.

८. आपल्या नाशिकचे शरणपूर

हे सगळे कोल्हापूरचे झाले, नाशिककरांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर आपल्या शहरातील एका रोजच्या नावाकडे पाहू या. शरणपूर रोडवरून आपण किती वेळा जातो! शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास चर्च मिशनरी सोसायटीच्या मिशनऱ्यांनी, म्हणजे आपल्या प्रॉटेस्टंट बांधवांनी, ते वसवले. अरबी समुद्रात गुलामांची जहाजे पकडून सोडवलेली आफ्रिकन मुले तेथे आणली जात आणि त्यांना शिक्षण व हस्तकला शिकवली जाई. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात डॉ. लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा देह शेकडो मैल वाहून किनाऱ्यावर आणणाऱ्या सेवकांत हा नाशिकला शिकलेला तरुण होता. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टन यांची शवपेटी वाहणाऱ्यांत तोही होता. पुढे १८७५ च्या सुमारास नाशिकमधील अनेक आफ्रिकन तरुण मोम्बासाजवळच्या फ्रिअरटाउन या नव्या वस्तीत गेले.

म्हणजे वळिवड्याच्या ऐंशी वर्षे आधी आपल्या नाशिकने घर हरवलेल्यांना गाव दिले होते. रस्त्याचे नाव उरले. गोष्ट विसरली गेली.

९. एकलहऱ्यासाठी धडा

आता आपल्याकडे वळू. एकलहरे हे मूळचे गोदाकाठचे शेतकऱ्यांचे गाव. थर्मल पॉवर स्टेशन आले आणि शेजारी वसाहत उभी राहिली. विदर्भ, मराठवाडा, कोकण, खानदेश, केरळ, गोवा, कुठकुठून माणसे नोकरीसाठी आली. क्वार्टर मिळाली, मुले शाळेत गेली, सण साजरे झाले. निवृत्तीचा दिवस आला की सामान ट्रकमध्ये चढते आणि त्या दारावर दुसऱ्याच्या नावाची पाटी लागते. जुने संच बंद पडले, तशी माणसेही पांगली. आपल्यावर कोणी बंदूक रोखून आपल्याला हाकलले नाही, ही देवाची कृपा. म्हणून पोलिश मातांच्या दुःखाशी आपली तुलना करणे योग्य होणार नाही. परंतु सरकारी क्वार्टरमध्ये आयुष्य काढलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न पडतोच : भिंती आपल्या नव्हत्या, तर मग आपले काय होते?

वळिवडे त्याचे उत्तर देते. ज्या जमिनीवर त्यांचा हक्क नव्हता, तेथे त्यांनी पाच वर्षांत शाळा चालवली, वेदी उभारली, मृतांना सन्मानाने पुरले, मुलांना गाणी शिकवली आणि सगळ्याची नोंद ठेवली. घरे परत करून ते निघाले, तेव्हा एवढे सगळे त्यांच्याबरोबर गेले. म्हणून साठ-सत्तर वर्षांनंतरही ते स्वतःला वळिवड्याचे म्हणवत राहिले.

दुसरा धडा यजमानांचा आहे. कोल्हापूरने पाहुण्यांना त्यांची भाषा, त्यांचा धर्म, त्यांचे सण सोडायला सांगितले नाही. येथे राहायचे तर आमच्यासारखे व्हा, अशी अट घातली नाही. पवित्र कुटुंब बाळ येशूला घेऊन मिसर देशात पळाले, तेव्हा तेथेही कोणीतरी त्यांना जागा दिली असणार. त्या घरमालकाचे नाव शुभवर्तमानात नाही. फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला आपण जातो, तेव्हा त्या अनाम मिसरी शेजाऱ्याचीही आठवण ठेवावी. आज आपल्या आजूबाजूला बांधकामावर, वीटभट्टीवर, द्राक्षबागेत काम करणारी परगावची कुटुंबे दिसतात. त्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, आजारी पडली तर कोणाकडे जातात, हे आपल्याला ठाऊक असते का?

म्हणून आम्ही दोन साध्या गोष्टी सुचवतो. पहिली : प्रत्येक कुटुंबाने एक वही करावी. आपले मूळ गाव कोणते, एकलहऱ्यात कोण कधी आले, पहिली क्वार्टर कोणती, मुलांचे बाप्तिस्मे व लग्ने कोठे झाली, आपली माणसे कोठे पुरली आहेत, हे आजी-आजोबा आहेत तोवर विचारून लिहून घ्यावे. छायाचित्रांच्या मागे पेन्सिलीने नावे लिहावीत. दुसरी : येत्या नाताळात जेवणाच्या वेळी एक पान जास्त मांडावे आणि ते रिकामे राहू नये म्हणून आधीच कोणाला तरी बोलावून ठेवावे.

चिंतनासाठी आणि चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या कुटुंबात स्थलांतराची कोणती गोष्ट सांगितली जाते? ती मुलांना माहीत आहे का?

२. वळिवड्यातील मातांनी सर्वांत आधी शाळेकडे लक्ष दिले. संकटात आपण सर्वांत आधी काय वाचवतो?

३. टंचाई असतानाही पाहुण्याला जागा देणे आणि भरपूर असताना देणे, यांत आपल्याला काय फरक वाटतो?

४. आपल्या वसाहतीत किंवा शेजारच्या वस्तीत नुकतेच आलेले कुटुंब कोणते? त्यांच्या दारी या आठवड्यात कोण जाईल?